आरसा मिस्त्रीचा फुटपाथ

"साहेब, हा फुटपाथ एवढं पाणी पितो म्हणता, मग त्याला शू लागली की तो कुठे जातो?"

हा प्रश्न मी विचारला. भर उद्घाटनात, माइक हातात धरून, साक्षात नगराध्यक्षांना. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा माझा आवाज शेजारच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. आता आवाज फुटलाय तो फुटलाच. आई म्हणते, "आधी बोलत नव्हती म्हणून काळजी, आता गप्प बसत नाही म्हणून काळजी."

खरं तर प्रश्न माझा नव्हता, पैजेचा होता. पैज लावली होती टाचणी आणि ढोलकी या माझ्या दोन मैत्रिणींनी. टाचणी अंगाने तशी आणि जिभेनेही तशीच. ढोलकी हसायला लागली की अख्खा बाक हलतो. मी प्रश्न विचारला तर वर्ष संपेपर्यंत टाचणीची खिडकीजवळची जागा माझी, असं ठरलं होतं. आमच्या वर्गात खिडकीजवळच्या जागेसाठी लोक सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकतात, त्यापुढे नगराध्यक्ष म्हणजे किस झाड की पत्ती.

तीनशे मुली फिदीफिदी हसल्या. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, माझ्याकडे अशा बघायला लागल्या की माझा दाखला त्यांनी मनातल्या मनात लिहूनही टाकला असावा. नगराध्यक्षांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं, आजूबाजूचे हसतायत याची खात्री करून घेतली आणि मगच हसले. यांना हसायलासुद्धा ठराव मंजूर करून घ्यावा लागतो. त्याआधी त्यांनी वीस मिनिटं भाषण केलं होतं. त्यात 'युग' हा शब्द अकरा वेळा आला, मी मोजला. 'पाणी' एकदाही आला नाही. कार्यक्रम पाण्याचा होता.

एकच माणूस हसला नाही. ते म्हणजे चाळणी साहेब, नगरपालिकेचे इंजिनिअर. नाव आम्हीच ठेवलंय, कारण ते बॅगेत काँक्रीटचा एक भोकाभोकांचा तुकडा घेऊन फिरतात आणि समोर येईल त्याला त्याच्यावर बाटलीभर पाणी ओतून दाखवतात. लोक पाकिटात बायकोमुलांचा फोटो ठेवतात, हे तुकडा ठेवतात.

"चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. खरंच गंभीरपणे म्हणाले. "या काँक्रीटमध्ये वाळू नसते. खडी, सिमेंट आणि जेमतेम पाणी. त्यामुळे आत भोकं राहतात. पाणी त्यातून खाली उतरतं, खाली हातभर खडीचा थर आहे तिथे थांबतं आणि सावकाश जमिनीत मुरतं. गटारात जायची घाई त्याला उरत नाही. बोलण्यापेक्षा दाखवतोच." आणि त्यांनी टँकरवाल्याला खूण केली.

टँकरवाल्याने नळ सोडला. जाडजूड पाइपातून पाणी फुटपाथवर पडलं. सगळे माना पुढे काढून बघायला लागले.

आणि पाणी, काय सांगू, ते निघालं की हो चालायला! ताटातून आमटी सांडावी तसं फुटपाथवरून सरसर घसरलं, कडेवरून उतरलं आणि थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली शिरलं. नगराध्यक्षांनी दोन्ही पाय उचलून पोटाशी घेतले. मोठ्या बाई, ज्या आम्हाला जिन्यावर धावू देत नाहीत, त्या खुर्चीवर चढल्या. लाल सतरंजीने जागा सोडली आणि ती गेटच्या दिशेने निघाली. ढोलकी माझ्या खांद्यावर कोसळून हसत होती.

"हे काय पितंय? हे तर गुळण्या टाकतंय!" टाचणी किंचाळली.

चाळणी साहेबांचा चेहरा मात्र बघवत नव्हता. आपलं शहाणं मूल चारचौघांत नापास व्हावं, तसे ते फुटपाथकडे बघत उभे होते.

"बंद करा ते!" नगराध्यक्ष पाय हवेतच ठेवून म्हणाले. "हे कागदावरचे प्रयोग पुरे झाले. उद्या दुपारच्या बैठकीत विषय संपवून टाकू. रस्त्याला आपली नेहमीची गुळगुळीत फरशी घाला, म्हणजे लोकांना कळेल तरी काम झालंय."

इथे माझं हसू थांबलं.

कारण तो फुटपाथ माझ्या बाबांनी केला होता.

बाबा गवंडी आहेत. लोक त्यांना आरसा मिस्त्री म्हणतात, कारण त्यांनी घोटलेल्या सिमेंटच्या जमिनीत आपलं तोंड दिसतं. एका बाईंनी म्हणे त्यांच्या स्वयंपाकघराच्या जमिनीत वाकून केसांचा भांग पाडला होता. ही गोष्ट बाबा वर्षातून चारदा सांगतात आणि दर वेळी भांग आणखी सरळ होतो. शाळेच्या गेटसमोरचा तीस पावलांचा पट्टा हा नमुना होता. तो पास झाला की शाळेपासून उतारावरून खालपर्यंत सगळ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी असाच फुटपाथ होणार होता आणि त्या कामावर मुकादम म्हणून बाबा राहणार होते.

आणि त्या उताराच्या तळाशी काय आहे? आमचं घर. रस्त्यावरून तीन पायऱ्या खाली उतरायचं, की आमच्या दोन खोल्या. दर पावसाळ्यात वरच्या सगळ्या गुळगुळीत रस्त्याचं, गुळगुळीत अंगणांचं, गुळगुळीत दुकानांच्या ओट्यांचं पाणी न चुकता आमच्याकडे मुक्कामाला येतं. इतक्या नेमाने तर आमचे काकासुद्धा येत नाहीत. आमचं कपाट विटांवर उभं आहे, पलंग विटांवर उभा आहे, माझं दप्तर खिळ्याला टांगलेलं आहे. भिंतीवर पाण्याच्या रेघा आहेत. इतरांच्या घरी मुलांची उंची मोजतात, आमच्याकडे पावसाची मोजतात. म्हणजे हा रस्ता पाणी प्यायला लागला असता, तर बाबा मुकादम झाले असते आणि आमचा पलंग जमिनीवर आला असता. उद्या दुपारी दोन्ही गोष्टी बुडणार होत्या.

बाबा गर्दीच्या मागे, टँकरच्या चाकाशी उभे होते. मला वाटलं, आता पुढे होतील, काहीतरी बोलतील. पण ते आपल्या बुटांकडे बघत होते. नवे बूट. कार्यक्रमासाठी घातलेले.

मधल्या सुट्टीत मी कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन गेटसमोर गेले. टाचणी आणि ढोलकी मागे होत्याच.

"आता काय, फुटपाथचं ऑपरेशन?" टाचणीने विचारलं.

मी बसून कर्कटकाचं टोक घासलं. वरचा पृष्ठभाग कसा होता माहितेय? सुंदर. राखाडी, तुकतुकीत, एक ओरखडा नाही. वाकले तर माझी वेणी अंधुक का होईना, पण दिसत होती.  कर्कटक जोरात रोवलं तेव्हा वरची खपली निघाली, बिस्किटाएवढी जाड. तिच्याखाली होतं ते खरं काँक्रीट, मधमाशांच्या पोळ्यासारखं. मी ढोलकीच्या बाटलीतलं पाणी त्या खड्ड्यात ओतलं. पाणी गायब. आणखी ओतलं. तेही गायब.

"अय्या!" ढोलकी म्हणाली. "हा पितोय की!"

"प्यायचंच होतं त्याला," मी म्हणाले. "कुणीतरी तोंड शिवून टाकलं होतं."

कुणी, ते मला विचारायचीही गरज नव्हती. सिमेंटला वेणी दिसेल एवढी चमक काढणारा हात या शहरात एकच आहे.

शाळा सुटेपर्यंत मी नुसती धुमसत होते. काय ही माणसं! नगराध्यक्षांना काम झालंय हे फक्त चमकलं तरच कळतं. मोठ्या बाईंना फुटपाथपेक्षा सतरंजीची काळजी. चाळणी साहेब एवढे शिकलेले, पण पायाखाली वाकून बघायचं सुचलं नाही. ते आपल्या बॅगेतल्या तुकड्याकडे बघत बसले. आणि आमचे बाबा! मी स्वतः पाहिलं होतं ना ते काम. दहा दिवसांपूर्वी, रविवारी, मी तिथेच होते.

त्या दिवशी खरी मजा चाळणी साहेबांचीच झाली होती. तीन पानं टिपणं, मापाचा मग, वजनकाटा, सगळा थाट घेऊन आले होते. पहिला घाणा पेजेसारखा वाहिला. दुसरा भुगा झाला. साहेबांनी घाम पुसला आणि पानं पुन्हा चाळली. आमची आई बाबांच्या कामावर माल कालवते, चौदा वर्षं कालवतेय. ती इतका वेळ फावड्यावर हात टेकून उभी होती. मग ती पुढे आली, मूठभर माल उचलला, दाबला, उघडला. बोटं ओली करून दोनदा पाणी शिंपडलं, फावडं फिरवलं, पुन्हा मूठ दाबली.

"हे बघा साहेब," ती म्हणाली. "गोळा राहिला पाहिजे. चकाकला पाहिजे. पण हाताला पाणी सुटता कामा नये. सुटलं तर सिमेंट खाली जाऊन बसेल आणि तुमची भोकं बुजतील."

साहेब तिच्या मुठीकडे बघत राहिले. मग त्यांनी तीन पानांवर काट मारली आणि चौथ्यावर लिहिलं. काय लिहिलं ते मी डोकावून वाचलं: 'मूठ. वहिनींना विचारणे.' त्या माणसाबद्दल मला तेवढा एकदाच आदर वाटला.

मग बाबांनी माल पसरला, वरून रूळ फिरवला आणि सवयीने थापी उचलली. साहेबांनी त्यांचा हात धरला. "मिस्त्री, थापी नाही. घोटायचं नाही. असंच सोडायचं." बाबांनी थापी फडक्यात गुंडाळून ठेवली खरी, पण जेवणाच्या ताटावरून उठवल्यासारखं तोंड करून. आठ दिवस त्यावर प्लॅस्टिक झाकलेलं होतं. सगळं नीट झालं होतं. कालपर्यंत.

घरी पोचले तेव्हा बाबा पलंगावर बसून होते आणि आई तांदूळ निवडत होती. ती आज कामावर नव्हती आणि कार्यक्रमालाही नव्हती. माल कालवणारीला निमंत्रण द्यायचं कुणाच्या डोक्यात येणार? मी कंपासपेटीतून ती खपली काढली आणि पलंगावर, बाबांच्या मांडीशेजारी ठेवली.

"हे काय आहे, बाबा?"

बाबांनी खपली उचलली, अंगठ्याने तिची वरची बाजू पुसली. सवयच ती.

आईने मान वर केली. खपली त्यांच्या हातातून घेतली, उलटीसुलटी केली, वास घेतला. तिला एवढं पुरे होतं. "वाळू," ती म्हणाली. "बारीक वाळू आणि सिमेंट. अहो, हे तुम्ही फासलंत? कधी?"

"काल दुपारी," बाबा म्हणाले. "तू ताईकडे गेली होतीस तेव्हा."

"अहो, चाळणीला आतून मेण लावलंत की तुम्ही! एवढं मी मूठ मूठ मोजून कालवलं आणि तुम्ही त्याच्यावर झाकण बसवलंत?"

"अगं, दिसत कसं होतं ते! अर्धवट सोडल्यासारखं. येणारा-जाणारा म्हणत होता, आरसा मिस्त्रीचा हात गेला वाटतं. तीस वर्षांत माझं एक काम खडबडीत निघालं नाही आणि शाळेच्या दारात, नगराध्यक्षांसमोर..."

"नगराध्यक्षांचे पाय कुठे होते ते ऐकलं मी आज," आई म्हणाली. "शेजारच्या वहिनी सांगून गेल्या. वर हवेत होते म्हणे."

"बाबा, हा काय शहाणपणा आहे?" मी सुरू झाले. आता आवाज फुटलाय ना, थांबतोय कुठे. "आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा! ते काँक्रीट खडबडीत असण्यासाठीच केलंय. लोकांचं काय ऐकता? ज्यांना कळत नाही त्यांच्या बोलण्यावर कुणी काम बिघडवतं का? कोण होता तो दीडशहाणा, ज्याने तुम्हाला सांगितलं की..."

बाबा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. म्हणूनच मी थांबले.

"तूच म्हणालीस ना," ते म्हणाले.

आता ही गोष्ट मी इतका वेळ सांगितली नाही. विसरले नव्हते, मला ती सांगायची नव्हती. परवा प्लॅस्टिक काढलं तेव्हा टाचणी गेटसमोर थांबून म्हणाली होती, "तुझ्या बाबांचं सिमेंट संपलं का गं? का उंदरांनी खाल्लं?" ढोलकी हसली. मागच्या चार जणी हसल्या. आणि मी, जी नगराध्यक्षांना शू विचारते, त्या माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. हे असंच असतं, यातून पाणी जातं, माझ्या आईने मूठ दाबून केलंय ते, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण मी खोटं हसले आणि रात्री जेवताना बाबांना म्हणाले, "बाबा, तो फुटपाथ जरा नीट करा ना. मला वर्गात लाज वाटते."

लाज वाटते! ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी आरशासारख्या केल्या आणि स्वतःच्या पलंगाखाली विटा लावल्या, त्याला मी जेवताना म्हणाले, लाज वाटते. आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी भर उन्हात गुडघ्यावर बसून तीस पावलं घोटत गेला. कुणी पैसे दिले नव्हते, कुणी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं होतं.

दिवसभर मी कोणाकोणाला नावं ठेवत होते! नगराध्यक्षांना चमक लागते. मला काय लागत होतं? मोठ्या बाईंना सतरंजीची काळजी. मला चार मुलींच्या हसण्याची. साहेबांनी वाकून पाहिलं नाही. मला तर वाकायचीही गरज नव्हती, मला आधीच सगळं माहीत होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मी कर्कटकाने टोकरून काढत होते आणि माझ्या डोळ्यात अख्खी फळी होती, रंधा मारलेली, गुळगुळीत.

 आईने तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"साहेबांना का नाही सांगितलंत?" शेवटी तिने विचारलं. "तिथल्या तिथे म्हणायचं, वर मी फासलंय, काढून देतो."

"सगळ्यांसमोर? आरसा मिस्त्रीने काम बिघडवलं असं?" बाबा म्हणाले. "तीस वर्षांचं नाव आहे माझं."

"नाव," आई म्हणाली. "पाणी आलं की नाव कुठे ठेवायचं ते सांगा. पलंगावर ठेवू, का कपाटावर?"

बाबा हसले नाहीत, पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी खपली पुन्हा हातात घेतली आणि नखाने तिची कड मोडून पाहिली. कड भुरभुरली.

"अजून कच्चं आहे," ते हळूच म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखं. "एका दिवसाचं. आज-उद्यात खरवडलं तर निघेल. तारेचा ब्रश मारायचा, वरून जोरात पाणी. परवापासून मात्र दगड होईल, मग छिन्नीशिवाय निघायचं नाही आणि छिन्नी मारली की खालचंही फुटेल."

"आणि बैठक उद्या दुपारी आहे," मी म्हणाले.

"हो. पण शाळेच्या दारात, सगळ्या मुलींच्या येण्याच्या वेळी मी तिथे बसून आपलंच काम खरवडणार? तुझ्या मैत्रिणी काय म्हणतील?"

पाहा, अजूनही त्यांना माझ्याच मैत्रिणींची काळजी. मला एकदम रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो आणि राग आला की मी उभी राहते. मी उभी राहिले. उंबऱ्यापाशी गेले, जिथे बाबा हत्यारं ठेवतात. फडक्यात गुंडाळलेली थापी बाजूला सारली. तिच्याखाली खरवडायची रुंद पट्टी होती आणि तारेचा ब्रश होता. दोन्ही उचलले आणि दप्तरात कोंबले. भूगोलाच्या पुस्तकाची पानं दुमडली, दुमडोत.

"अगं, काय करतेस?" आई म्हणाली.

"मी ठरवलंय," मी म्हणाले. "आणि हे विचारत नाहीये, सांगतेय. उद्या उजाडल्यावर आपण तिघं शाळेच्या गेटवर जातोय. आई, तू सांगायचंस कुठपर्यंत खरवडायचं, कारण ते तुलाच कळतं. बाबा, तुम्ही ब्रश मारायचा. मुली येऊ देत, बघू देत, हसायचं तर हसू देत. मग प्रार्थना झाली की मी मोठ्या बाईंकडून माइक मागणार, नाही दिला तर बिनमाइकची बोलणार. माझा आवाज पुरतो, तुम्हाला माहीत आहे. फुटपाथ कुणी घोटला ते सांगणार आणि कुणी घोटायला लावला तेही सांगणार. माझ्या बाबांचं नाव घेणार आणि त्याच्या आधी माझं घेणार. चाळणी साहेबांना बोलावून पुन्हा टँकर सोडायला लावणार, बैठकीच्या आधी. टाचणीला तिची खिडकीची जागा परत देणार, कारण प्रश्न विचारायला मला हिंमत लागली नव्हती, उत्तर द्यायला लागणार आहे. आणि बाबा, खरवडायला मी पहिली बसणार. तुम्ही नाही."